88.6 की 6.2? पेट्रोब्रासच्या संचालक मंडळात भ्रष्टाचाराचा आकडा कसा ठरला

27 जानेवारी 2015 रोजी पेट्रोब्रास या ब्राझीलच्या सरकारी तेल कंपनीच्या संचालक मंडळापुढे एक आकडा होता: 88.6 अब्ज रेआल (रेआल हे ब्राझीलचं चलन). कंपनीने बाहेरच्या संस्थांची मदत घेऊन आपल्या मालमत्तांचं नव्याने मूल्यांकन करवून घेतलं होतं, आणि त्यातल्या 31 मालमत्तांची किंमत पुस्तकी किमतीपेक्षा एवढ्याने कमी भरली होती. फुगवलेल्या कंत्राटांतून लाच गेली हे तोवर जगजाहीर झालं होतं. प्रश्न एवढाच उरला होता की हिशोबात त्यापोटी किती रक्कम लिहायची. मंडळाने त्या दिवशी काहीच लिहायचं नाही असं ठरवलं. पुढे 22 एप्रिलला ऑडिटरची सही असलेला ताळेबंद निघाला तेव्हा भ्रष्टाचारापोटी लिहिलेली रक्कम होती 6.2 अब्ज रेआल.

आधी 88.6, मग शून्य, मग 6.2, आणि हे सगळं तीन महिन्यांत. या तीन आकड्यांमध्ये काय घडलं, ते मला इथे उलगडायचं आहे. संचालक मंडळावर जाणकार माणसं घेतली की कंपनी भ्रष्टाचाराबद्दल खरं सांगू लागते, असा समज सर्रास आढळतो. पेट्रोब्रासकडे जाणकारांची वानवा कधीच नव्हती. तिथे खुर्ची कोणाच्या कृपेने मिळाली आणि ती कोण काढून घेऊ शकतो, हा प्रश्न ज्ञानापेक्षा मोठा ठरला. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे, ऐन वेळी ज्ञानाने गप्प राहायला एक बिनतोड कारणही पुरवलं.

खुर्च्या आणि त्यांचे मालक

पेट्रोब्रास 1953 साली गेतुलियो व्हार्गास राष्ट्राध्यक्ष असताना स्थापन झाली. 'तेल आमचं आहे' ही तेव्हाची घोषणा ब्राझीलच्या माणसाला आजही आठवते. कंपनी पुढे शेअर बाजारात गेली, 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदली गेली, पण मताधिकार असलेले बहुसंख्य शेअर सरकारकडेच राहिले. त्यामुळे मंडळावर कोण बसणार हे सरकार ठरवत आलं. 2003 ते 2010 या काळात मंडळाच्या अध्यक्ष होत्या दिल्मा रुसेफ. आधी त्या ऊर्जामंत्री होत्या, मग राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या कार्यालयाच्या प्रमुख मंत्री. त्यांच्यानंतर आले गिदो मान्तेगा, तेव्हाचे अर्थमंत्री. 2015 च्या जानेवारीत मंडळावर दहा जण होते: सात सरकारने बसवलेले, दोन लहान भागधारकांनी निवडलेले आणि एक कर्मचाऱ्यांनी निवडलेला.

अर्थमंत्रीच तेल कंपनीचा अध्यक्ष असला की काय होतं, हे भ्रष्टाचार उघड होण्याआधीच दिसत होतं. 2011 ते 2014 दरम्यान ब्राझीलमध्ये पेट्रोल-डिझेलचे दर दाबून धरले गेले. कंपनी बाहेरून महाग इंधन आणून देशात स्वस्त विकत होती आणि कर्ज वाढवत होती. महागाई आटोक्यात ठेवणं हे अर्थमंत्र्याचं काम, कंपनीचं भलं पाहणं हे मंडळाच्या अध्यक्षाचं काम. दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली आणि दर वेळी अर्थमंत्री जिंकला. यात बेकायदा काही घडलं असं मी म्हणत नाही. पण मालकाला अडचणीचं ठरेल ते बोलायचं नाही, ही सवय मंडळाला इथेच लागली असं मला वाटतं. पुढचं सगळं समजायला ही सवय लक्षात ठेवावी लागते.

संचालक मंडळाच्या खाली कंपनी चालवणारं कार्यकारी मंडळ होतं. त्यातली खाती पक्षांनी अक्षरशः मंत्रिमंडळासारखी वाटून घेतली होती. रिफायनऱ्या आणि पुरवठा हे खातं पीपी या पक्षाच्या वाट्याचं, कंत्राटं देणारं सेवा खातं सत्ताधारी वर्कर्स पार्टीचं, आंतरराष्ट्रीय खातं पीएमडीबी या पक्षाचं. पण म्हणून या खुर्च्यांवर अडाणी कार्यकर्ते बसले होते असं समजू नका. पुरवठा खात्याचे पाउलो रोबेर्तो कोस्ता सत्तरच्या दशकापासून कंपनीत असलेले इंजिनिअर. सेवा खात्याचे रेनातो दुके आणि त्यांच्या हाताखालचे पेद्रो बारुस्को हेही इंजिनिअर, कंपनीतच वाढलेले. कोस्ता यांनी नंतर जबाबात सांगितलं की राजकीय पाठबळाशिवाय पेट्रोब्रासमध्ये कोणी त्या पदावर पोचतच नाही. म्हणजे पक्षाने तज्ज्ञाला बाजूला सारून आपला माणूस बसवला नव्हता, तज्ज्ञालाच आपला माणूस केलं होतं. बायोडेटा पाहून नेमणूक तपासणाऱ्या कोणाच्याही नजरेतून ही गोष्ट निसटते, कारण बायोडेटा उत्तमच असतो.

पासाडेना: जाणकारांनी हात वर केले तेव्हा

फेब्रुवारी 2006 मध्ये मंडळाने टेक्सासमधल्या पासाडेना रिफायनरीचा निम्मा हिस्सा 36 कोटी डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. विकणाऱ्या आस्त्रा ऑइलने आदल्याच वर्षी ती अख्खी रिफायनरी 4 कोटी 25 लाख डॉलरला घेतली होती. करारात एक कलम असं होतं की दोन्ही भागीदारांत बिनसलं, तर आस्त्राला आपला उरलेला हिस्सा पेट्रोब्रासच्या गळ्यात मारता येईल. दुसऱ्या एका कलमाने आस्त्राला ठरावीक नफ्याची हमी दिली होती. बिनसलंच. लवाद आणि कोर्टकचेऱ्या होऊन 2012 पर्यंत पेट्रोब्रासचे एकूण सुमारे 1.2 अब्ज डॉलर त्यात गेले. 2019 मध्ये शेव्हरॉनने ही रिफायनरी विकत घेतली तेव्हा तिची किंमत 35 कोटी डॉलर ठरली, खेळतं भांडवल वेगळं.

2006 च्या त्या बैठकीत मंत्री होते हे खरं. पण त्यांच्याबरोबर खासगी क्षेत्रातले नावाजलेले लोकही होते: पोलाद उद्योगातले जॉर्ज जेर्दाऊ, बँकर फाबियो बार्बोसा, अर्थतज्ज्ञ क्लाउदियो हादाद. त्यांनीही मंजुरी दिली. मार्च 2014 मध्ये, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या रुसेफ यांनी खुलासा केला की मंडळापुढे आलेला सारांश तांत्रिक आणि कायदेशीर दृष्ट्या सदोष होता आणि त्यात ही दोन कलमं नव्हतीच. तो सारांश आंतरराष्ट्रीय खात्याचे प्रमुख नेस्तोर सेर्वेरो यांच्या खात्यातून आला होता. पुढे सेर्वेरोंची बदली झाली ती इंधन वितरण करणाऱ्या उपकंपनीत, तीही वित्तसंचालक म्हणून. त्यांना काढलं गेलं ते थेट 2014 च्या मार्चमध्ये, खुलाशावरून गदारोळ उठला तेव्हा.

हा खुलासा मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच जागी अडतो. सारांशात कलमं नव्हती हे मान्य करू. पण वर्षभरात अख्ख्या रिफायनरीच्या आठपटीहून जास्त पैसे निम्म्या हिश्शासाठी का द्यायचे, हे विचारायला कलम वाचावं लागत नाही. मूळ करार मागवण्याचा अधिकार प्रत्येक संचालकाला असतो. बँकिंग, उद्योग, अर्थशास्त्र जाणणारी माणसं त्या खोलीत होती. त्यांनी पैसे खाल्ले असा आरोपही नाही. त्यांनी दोन पानांचा सारांश पुरेसा मानला, एवढंच. कंपनीचा भलामोठा निर्णय वर आधीच ठरलेला आहे असं वाटतं, तेव्हा जाणकार माणूस आपली जाण घरी ठेवून येतो. रुसेफ यांनी स्वतः लाच घेतल्याचं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही, हेही इथेच नोंदवतो. ज्ञान असूनही ते वापरलं गेलं नाही, हा या प्रसंगाचा धडा आहे, आणि तो लाचखोरीपेक्षा जास्त ठिकाणी लागू पडतो.

कागदावर सगळं चोख

भ्रष्टाचाराबद्दलचा कंपनीचा अहवाल म्हणजे नेमकं काय? कंपन्यांच्या अहवालांसाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी जीआरआयची (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्हची) चौकट तीन गोष्टी विचारते: कुठल्या कामांमध्ये भ्रष्टाचाराचा धोका आहे याची तपासणी केली का, कर्मचाऱ्यांना आणि भागीदारांना धोरण सांगितलं, शिकवलं का, आणि सिद्ध झालेली प्रकरणं किती, त्यांवर कारवाई काय. पहिल्या दोन गोष्टींची उत्तरं देणं कोणत्याही मोठ्या कंपनीला सोपं जातं. तिसरीचं उत्तर 'एकही नाही' असं लिहिलं की काम संपतं, कारण सिद्ध करणार कोण? मंडळच.

पेट्रोब्रास यात अव्वल होती. संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टवर, म्हणजे जबाबदारीने व्यवसाय करण्याच्या वचननाम्यावर, तिने 2003 मध्ये सही केली होती. 2006 पासून ती डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात होती. दरवर्षी जाडजूड शाश्वतता अहवाल निघत. जुलै 2013 मध्ये तर कंपनीने भ्रष्टाचार प्रतिबंधाचा खास कार्यक्रमच सुरू केला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लाच देणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करणारा कायदा झाला आणि 29 जानेवारी 2014 पासून लागू झाला. कार्यक्रम सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा पोलीस दारात आले. निर्देशांकातून कंपनीला काढलं गेलं ते मार्च 2015 मध्ये, म्हणजे वर्तमानपत्रांत सगळं छापून झाल्यावर.

आत मात्र कोणी बोललंच नव्हतं असं नाही. कोस्तांच्या हाताखाली काम केलेल्या एका महिला व्यवस्थापकाने आपण गैरव्यवहाराबद्दल वरिष्ठांना वर्षानुवर्षं लिहीत होतो असं 2014 च्या अखेरीस सांगितलं. मधल्या काळात तिची बदली सिंगापूरला झाली होती. तिच्या पत्रांमध्ये आरोप स्पष्ट नव्हते, असं कंपनीच्या नेतृत्वाचं म्हणणं पडलं. ती पत्रं स्पष्ट होती की अस्पष्ट, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: तिने लिहिलं होतं ते वरिष्ठांना. तिची तक्रार ज्या शिडीने वर जायची, त्याच शिडीच्या पायऱ्यांवर तक्रारीतली माणसं बसलेली होती.

सही नाकारणारा

17 मार्च 2014 ला केंद्रीय पोलिसांनी हवाला दलालांविरुद्ध मोहीम उघडली. तिला नाव पडलं 'लावा जातो', म्हणजे गाडी धुण्याचं केंद्र, कारण धागा ब्राझिलियातल्या एका पेट्रोल पंपापासून सुरू झाला होता. आल्बेर्तो युसेफ या दलालाने कोस्तांना एक महागडी गाडी दिल्याचं निघालं आणि तीनच दिवसांत कोस्ता आत गेले. ऑगस्टच्या शेवटी ते माफीचे साक्षीदार झाले. त्यांनी जे सांगितलं त्याचा गाभा एका मराठी शब्दात मावतो: टक्केवारी. बांधकाम कंपन्यांची टोळी आपापसात टेंडरं वाटून घ्यायची, किंमत फुगवायची आणि कंत्राटाच्या साधारण 3 टक्के रक्कम पक्षांकडे आणि अधिकाऱ्यांकडे जायची. बारुस्को यांनी तर स्वतःच्या बँक खात्यांमधले सुमारे 9 कोटी 70 लाख डॉलर परत करायचं कबूल केलं. ते कार्यकारी मंडळावरही नव्हते, त्याखालच्या फळीतले होते.

यानंतर कंपनीला वठणीवर आणलं ते संचालक मंडळाने नव्हे, लेखापरीक्षकाने. पीडब्ल्यूसी ही फर्म 2012 पासून पेट्रोब्रासचं ऑडिट करत होती. नोव्हेंबर 2014 मध्ये तिसऱ्या तिमाहीच्या हिशोबावर सही करायची वेळ आली आणि तिने नकार दिला. ज्यांची नावं जबाबांत आली आहेत त्यांनीच दिलेल्या हमीपत्रांवर विसंबून सही कशी करायची, हा तिचा पेच होता. जहाज वाहतुकीच्या उपकंपनीचे प्रमुख जबाबात नाव आल्यावरही पदावर होते; ते त्याच महिन्यात रजेवर गेले. 14 नोव्हेंबरला बड्या बांधकाम कंपन्यांचे अधिकारी आणि दुके यांना अटक झाली. कंपनीचा तिमाही आर्थिक निकाल लांबणीवर पडला, मग पुन्हा पडला.

पीडब्ल्यूसीला मी नायक करत नाही. याच फर्मने आधीच्या वर्षांच्या हिशोबांवर सह्या केल्या होत्या, आणि 2018 मध्ये अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचा दावा मिटवताना तिच्या ब्राझीलमधल्या शाखेने 5 कोटी डॉलर मोजले. पण नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्याकडे एक गोष्ट होती जी सात सरकारी संचालकांकडे नव्हती. चुकीच्या सहीची किंमत तिला ब्राझीलबाहेर, अशा जागी मोजावी लागली असती जिथे ब्राझीलच्या सरकारचा हात पोचत नव्हता.

त्यात कर्जाचं घड्याळ चालू होतं. ठरलेल्या मुदतीत ऑडिट झालेला ताळेबंद दिला नाही तर रोखेधारकांना आपलं सगळं कर्ज एकदम मागता आलं असतं, आणि पेट्रोब्रास तेव्हा जगातल्या सर्वांत कर्जबाजारी तेल कंपन्यांपैकी एक होती. फेब्रुवारी 2015 मध्ये मूडीज या संस्थेने तिचं पतमानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या खाली उतरवलं. खरं सांगण्याची घाई झाली ती या घड्याळामुळे.

88.6 अब्ज आणि एक बिनतोड युक्तिवाद

आता पुन्हा 27 जानेवारीच्या बैठकीकडे. कंपनीच्या प्रमुख ग्रासा फॉस्टर केमिकल इंजिनिअर, 1978 मध्ये शिकाऊ म्हणून कंपनीत आलेल्या. तेल उद्योगाची त्यांची जाण वादातीत. आणि त्या राष्ट्राध्यक्ष रुसेफ यांच्या जुन्या विश्वासातल्या. ज्ञान आणि राजकीय नातं दोन्ही एकाच माणसात एवढं भरलेलं क्वचित दिसतं, म्हणूनच त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे.

त्यांनी मालमत्तांच्या नव्या मूल्यांकनाचा आकडा मंडळापुढे ठेवला. त्यावर आक्षेप असा आला: मालमत्तेची किंमत घटण्यामागे लाच हे एकच कारण नाही. डॉलरचा भाव, तेलाचे भविष्यातले दर, व्याजाचा दर, ढिसाळ नियोजन, पावसाने रखडलेलं काम, सगळं त्यात मिसळलेलं आहे. याच मोजणीत 21 मालमत्ता उलट पुस्तकी किमतीपेक्षा 27.2 अब्जांनी जास्त भरल्या होत्या, मग त्या काय लाचेमुळे वाढल्या? पेर्नाम्बुको राज्यातल्या आब्रेउ ए लिमा रिफायनरीचा खर्च सुमारे अडीच अब्ज डॉलरवरून 18 अब्जांच्या पुढे गेला, त्यातली लाच किती आणि गलथानपणा किती हे वेगळं कसं काढणार?

हा युक्तिवाद बरोबर आहे. हिशोबशास्त्र जाणणारा कोणीही तो मान्य करेल, मीही करतो. आणि म्हणूनच तो एवढा धोकादायक होता. आकडा शुद्ध नाही म्हणून आकडाच नको, असं त्या बैठकीत घडलं. 28 जानेवारीच्या पहाटे ऑडिट न झालेले आकडे बाहेर आले आणि त्यांत भ्रष्टाचारापोटी एक रेआलही कमी केलेला नव्हता. खोटं बोलण्यासाठी जाणकार लागत नाहीत. पण खरं पुढे ढकलण्यासाठी, तेही कोणी बोट ठेवू शकणार नाही अशा भाषेत, जाणकारच लागतात.

फॉस्टर यांनी मात्र एक गोष्ट केली. हिशोबात न घेतलेला 88.6 अब्जांचा आकडा त्यांनी निकालासोबतच्या निवेदनात छापला. त्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त घसरला. राष्ट्राध्यक्ष नाराज झाल्याच्या बातम्या आल्या. 4 फेब्रुवारीला फॉस्टर आणि कार्यकारी मंडळातल्या आणखी पाच जणांचा राजीनामा जाहीर झाला. राजीनाम्याला कारणं अनेक होती आणि त्या जाणार हे बरेच दिवस बोललं जात होतं. तरीही क्रम पाहा: लाच चालू होती त्या वर्षांत त्यापायी कोणाची खुर्ची हलली नाही. आकडा छापल्यावर आठवड्यात हलली. हे बघणाऱ्या पुढच्या अधिकाऱ्याने काय शिकायचं?

दोन दिवसांनी आल्देमिर बेंदिने आले, सरकारी बांको दो ब्राझीलचे प्रमुख. तेलाचा अनुभव शून्य, बँकेचा आणि सरकारचा भरपूर. लहान भागधारकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं आणि ते हरले, दहापैकी सात मतं आधीच ठरलेली असताना दुसरं काही होणार नव्हतं.

यांपैकी मौरो कुन्या यांच्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. ते गुंतवणूकदारांच्या एका संघटनेचे प्रमुख, लहान भागधारकांनी निवडून दिलेले. फेब्रुवारी 2014 मध्ये, 'लावा जातो' सुरू होण्याच्या आधी, त्यांनी 2013 च्या वार्षिक हिशोबाविरुद्ध मत दिलं होतं. त्यांची कारणं कंटाळवाणी वाटतील अशी: कागदपत्रं वाचायला वेळेवर मिळाली नाहीत, परकीय चलनाचा तोटा दाखवण्याची पद्धत पटत नाही, रिफायनऱ्यांवरच्या खर्चाची पुरेशी माहिती नाही. 'भ्रष्टाचार' हा शब्द त्यात नव्हता. पण नेमक्या त्याच रिफायनऱ्यांमधून पैसा झिरपत होता. मंत्री, बँकप्रमुख, निवृत्त जनरल अशा वजनदार मंडळात एका माणसाने 'मला हे कळत नाही, म्हणून मी सही करत नाही' असं म्हटलं. त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त ज्ञान होतं असं नाही. त्याला नेमणारे वेगळे होते.

तीन टक्के कुठून आले

एप्रिलमध्ये ताळेबंद निघाला तो असा: 2014 चा एकूण तोटा 21.6 अब्ज रेआल. मालमत्तांच्या घटलेल्या किमतीपोटी 44.6 अब्ज. आणि वेगळ्या ओळीत, जादा दिलेल्या रकमेपोटी 6.2 अब्ज. हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मालमत्तेच्या किमतीत फक्त ती उभी करायला लागलेला खर्च धरता येतो. लाच म्हणून गेलेला पैसा रिफायनरीची किंमत होऊ शकत नाही. म्हणून तो पुस्तकातून काढून टाकायचा. पण कोणत्या कंत्राटातून, कोणत्या वर्षी, किती? कंपनीने सांगितलं की हे शोधणं अशक्य आहे, आणि मग एक सोपी पद्धत वापरली. 2004 ते एप्रिल 2012 दरम्यान टोळीतल्या 27 कंपन्यांशी झालेली कंत्राटं घेतली, एकूण सुमारे 199.6 अब्ज रेआलची, आणि त्यांवर 3 टक्के लावले. वर थोडी भर घातली. मागची वर्षं दुरुस्त न करता सगळी रक्कम 2014 च्या तिसऱ्या तिमाहीत टाकली.

हे 3 टक्के म्हणजे कोस्ता आणि इतरांच्या कबुलीतला दर. एवढ्या मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातला भ्रष्टाचाराचा आकडा अखेर माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आला, हे मला आजही विलक्षण वाटतं. ना अंतर्गत लेखापरीक्षणातून, ना ऑडिट समितीतून. आणि तो दर लाचेचा होता, नुकसानाचा नव्हे. टोळीने टेंडरमधली स्पर्धाच संपवली होती. ठेकेदार 3 टक्के वाटायला तयार होतो ते किंमत त्याहून बरीच फुगवता येते म्हणूनच. केंद्रीय पोलिसांच्या 2015 मधल्या एका अहवालाने पेट्रोब्रासचं नुकसान 42 अब्ज रेआलपर्यंत असू शकेल असा अंदाज दिला. त्या अंदाजावरही मतभेद होऊ शकतात. पण 6.2 हा आकडा कमीत कमी किती एवढंच सांगत होता, हे ताळेबंद वाचणाऱ्याला कोणी ठळकपणे सांगितलं नाही.

असं असूनही मी त्या ताळेबंदाला कमी लेखत नाही. लाचेपोटी ही रक्कम, असं स्वतःच्या हिशोबात लिहिणाऱ्या कंपन्या जगात फार थोड्या सापडतील. अमेरिकेच्या नियामकाकडे दिलेल्या 2014 च्या वार्षिक अहवालात पेट्रोब्रासने आपल्या अंतर्गत नियंत्रणात गंभीर दोष होते हेही मान्य केलं. आदल्या वर्षांचे अहवाल नियंत्रण परिणामकारक असल्याचं सांगत होते.

कुलूप कुणाच्या हातात

नोव्हेंबर 2014 मध्ये कंपनीने नियमपालन आणि जोखमीचं नवं संचालकपद निर्माण केलं आणि जानेवारी 2015 मध्ये, म्हणजे त्या बैठकीच्या आधीच, तिथे जोआंव एलेक यांना आणलं. या पदाची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्यांच्या अनुभवात नाही, नियमावलीत आहे. मुदत तीन वर्षांची, आणि त्याआधी काढायचं तर मंडळाच्या बहुमतात लहान भागधारकांनी निवडलेल्या निदान एका संचालकाचं मत हवंच. म्हणजे सरकारची सात मतंही पुरी पडणार नाहीत. तपासावर देखरेख करायला खास समिती नेमली गेली. तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या माजी अध्यक्ष एलेन ग्रासिये होत्या आणि सीमेन्समध्ये लाच प्रकरणानंतर साफसफाई केलेले आंद्रेआस पोलमन होते. इथे ज्ञान खरोखर उपयोगी पडलं, कारण आता त्या ज्ञानाला कुणाची खुर्ची राखायची नव्हती.

30 जून 2016 ला सरकारी कंपन्यांचा नवा कायदा, क्रमांक 13,303, आला. त्याने विद्यमान मंत्र्यांना मंडळावर बसायला मनाई केली, पक्षाच्या निर्णयप्रक्रियेत किंवा प्रचारात काम केलेल्यांना 36 महिने थांबायला लावलं, किमान अनुभवाची अट घातली आणि निदान 25 टक्के संचालक स्वतंत्र असावेत असं ठरवलं. म्हणजे ज्ञान आणि राजकीय नातं, दोन्ही बाजू एकाच कायद्यात हाताळल्या गेल्या. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी यातले राजकीय नेमणुकांवरचे निर्बंध स्थगित केले. त्या स्थगितीच्या आडून नेमणुका झाल्या. मे 2024 मध्ये पूर्ण न्यायालयाने निर्बंध वैध ठरवले, पण मधल्या काळातल्या नेमणुका तशाच राहू दिल्या.

बेंदिने यांना जुलै 2017 मध्ये ओदेब्रेख्त या बांधकाम कंपनीकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. 2018 मध्ये शिक्षा झाली, आणि ऑगस्ट 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रियेतल्या त्रुटीमुळे रद्द केली. 'लावा जातो'मधल्या अनेक शिक्षांचं पुढे असंच झालं. लुला यांच्याही शिक्षा 2021 मध्ये रद्द झाल्या आणि या खटल्यांतले न्यायाधीश सेर्जियो मोरो निष्पक्ष नव्हते असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तपासातल्या या दोषांवरून सगळं प्रकरणच बनाव होतं असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण कंपनीची स्वतःची कबुली न्यायालयाच्या निकालावर अवलंबून नाही. सप्टेंबर 2018 मध्ये पेट्रोब्रासने अमेरिका आणि ब्राझीलच्या यंत्रणांशी 85 कोटी 32 लाख डॉलरचा समझोता केला, त्यातला 80 टक्के पैसा ब्राझीलकडे गेला. कार्यकारी मंडळ आणि संचालक मंडळ या दोन्हींतल्या काहींनी लाचेला वाट करून दिली आणि ती लपवली, असं अमेरिकेच्या न्याय खात्याने तेव्हा म्हटलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गुंतवणूकदारांचा दावा कंपनीने 2.95 अब्ज डॉलर देऊन मिटवला होता.

6.2 अब्जांची ती ओळ नंतर बदलली गेली नाही. मात्र ठेकेदार कंपन्या आणि कबुली दिलेली माणसं यांच्याकडून पैसे परत येत राहिले आणि पेट्रोब्रास ते आपल्या हिशोबात जमा करत राहिली. 2021 मध्ये परत आलेली एकूण रक्कम 6 अब्ज रेआलच्या वर गेली आणि त्यानंतरही येणं थांबलं नाही. त्यात दंडाचे वाटे आहेत, मधल्या वर्षांची महागाई आहे, म्हणून दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. पण ज्यांच्यावर अजून खटले चालू होते, ज्यांनी काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांच्याकडचा पैसा त्यात धरलेला नव्हता.